म्हापशातला संध्याकाळचा इंग्लिश ग्रामर क्लास: आठ आठवडे, साडेतीन हजार रुपये आणि एक 'बीन'

आधीच सांगतो, मी काय मास्तर नाही. कांदोळीच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, गेस्टना मेल पाठवणं, एजंटांचे हिशोब, चेक-इन चेक-आउट, सगळं तेच. घर डिचोलीला. शिक्षण गोव्यातल्या निम्म्या पोरांसारखंच, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीत गेल्यावर एकदम सगळं इंग्लिश, सायन्स पण इंग्लिश हिस्टरी पण इंग्लिश, त्यामुळे इंग्लिश बोलायला मी घाबरत नाही पण लिहायला बसलो की कुठेतरी खडा लागतो आणि तो नेमका कुठे आहे ते सापडत नाही. ज्यांचं असंच होतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. ज्यांना ए बी सी डी पासून सुरुवात करायची आहे त्यांनी या क्लासला जाऊच नका, फुकट पैसे जातील.

क्लासला का गेलो ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. मे महिन्यात एका ट्रॅव्हल एजंटकडून आम्हाला ३८ हजार यायचे राहिले होते. मी मेल टाकला, "वी हॅव नॉट पेड फॉर द एप्रिल ग्रुप." माझ्या डोक्यात काय, तर आम्हाला पैसे मिळालेले नाहीत. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, एकदम गोड, की काही हरकत नाही, तुमच्या सोयीने द्या. म्हणजे मी माझ्याच हाताने लिहून दिलं होतं की आम्हीच पैसे दिलेले नाहीत! पाहिजे होतं "वी हॅव नॉट बीन पेड", म्हणजे पॅसिव्ह, देणारा दुसरा आणि घेणारे आम्ही. मॅनेजरने तो मेल पूर्ण स्टाफसमोर वाचून दाखवला, आवाजात चढउतार घालून. आणि गंमत म्हणजे मेल पाठवण्याआधी मी तो फोनातल्या ग्रामर चेकरमधून काढला होता, त्याने एक लाल रेघ मारली नव्हती. मारणार तरी कशी, वाक्य ग्रामरने बरोबरच आहे, फक्त पैसे उलट्या बाजूला जातात.

त्याच्या आधी मी एका मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये पण जाऊन आलोय, नाव घेत नाही, एसी, प्रोजेक्टर, गळ्यात आयडी कार्ड, सगळं होतं. तिथे पॅसिव्ह म्हणजे "राम ईट्स अ मँगो" चं "अ मँगो इज ईटन बाय राम" करा, असली चाळीस वाक्यं एका बैठकीत. सगळी बरोबर आली मला. पण जन्मात कोणाला "अ मँगो इज ईटन बाय राम" म्हणायची वेळ येते का सांगा. आंबा उलटा केला म्हणून पॅसिव्ह कळत नाही, ते कधी लागतं आणि कधी लागत नाही हे कोणी सांगितलंच नाही.

तर हा क्लास. म्हापशात बोडगेश्वराच्या देवळाकडून आत गेल्यावर एक जुनं घर आहे, तिथे खालच्या हॉलमध्ये चालतो. रिटायर्ड हायस्कूल टीचर आहेत, साठीच्या पुढच्या, त्यांनीच सांगितलंय की माझं नाव कुठे टाकू नको, बॅच आधीच फुल्ल असते आणि अजून माणसं आली तर खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणाव्या लागतील. मंगळवार आणि शुक्रवार, साडेसहा ते आठ. बॅच मुद्दाम जूनपासून ठेवतात कारण तेव्हा हॉटेलवाल्यांचा सीझन नसतो, हे मला फार आवडलं. चपला दाराबाहेर काढायच्या, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पांढरा फळा, एक पंखा जो फक्त टीचरच्या बाजूला वारा देतो.

नाव घालताना स्वतःबद्दल एक पानभर इंग्लिशमध्ये लिहून द्यावं लागतं. मला वाटलं फॉर्मॅलिटी आहे, ठोकून दिलं. पहिल्या दिवशी त्यातलंच एकेकाचं वाक्य फळ्यावर. माझं होतं, "द हॉटेल व्हिच आय वर्क इन इट इज इन कांदोळी." टीचर म्हणाल्या, हे आता मराठीत सांग रे. मी म्हटलं, "मी ज्या हॉटेलात काम करतो ते कांदोळीला आहे." त्यांनी 'ज्या' ला एक गोल केला, 'ते' ला एक गोल केला आणि विचारलं, हें 'ते' खंय गेलें? आणि मग खडू, म्हणजे मार्कर, माझ्या 'इट' वर आपटला. तिथे बसलं होतं ते!

हे बघून मला जरा धक्काच बसला कारण आजपर्यंत मला वाटायचं मी बावळट आहे म्हणून जास्तीचा शब्द घालतो. पण मराठीत जो आला की तो यायलाच पाहिजे, जेव्हा आला की तेव्हा, जिथे आला की तिथे, जोडी मोडली तर वाक्य लंगडं पडतं. कोंकणीत पण तेच, जो आयिल्लो तो. इंग्लिशमध्ये तो व्हिच किंवा हू एकटाच दोघांचं काम करतो, मागे जागा रिकामी सोडायची असते आणि आपल्याला ती रिकामी जागा बघवत नाही, आपण तिथे लगेच एक ही, शी, इट, देअर बसवतो. "द प्लेस व्हेअर वी स्टेड देअर." "द गेस्ट हू आय स्पोक टू हिम." "ऑल द डॉक्युमेंट्स विच वेअर सबमिटेड दे आर व्हेरिफाइड." हे शेवटचं एका सरकारी खात्यातल्या क्लार्कचं होतं, तो म्हणाला मी बारा वर्षं हेच लिहितोय आणि साहेब सही करतात. टीचरनी सांगितलं की अरबी आणि आयरिश भाषेत तर असा जास्तीचा सर्वनाम रीतसर चालतो, आणि खुद्द इंग्रज पण बोलता बोलता वाक्य लांबलं की गडबडून घालतात. म्हणजे पाप नाही, पण लिहिताना काढायचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, चपलां भायर, 'इट' भायर. आता मेल लिहून झाला की मी खरंच एकदा सगळे इट आणि दे बोटाने तपासतो.

मी मध्येच शहाणपणा केला. म्हटलं टीचर, मग "द बॅग इज टू हेवी टू लिफ्ट इट" हे आमचे बेलबॉय रोज म्हणतात, ते कुठून आलं, मराठीत तर आपण "बॅग उचलायला जड आहे" म्हणतो, तिथे 'ती' कुठे आहे? बाकी कुठला मास्तर असता तर म्हणाला असता गप बस. त्या थांबल्या, विचार केला, आणि म्हणाल्या बरोबर, हे मराठीतून आलेलं नाही, हे शाळेतून आलंय. शाळेत आपल्याला घोकून घेतलेलं असतं की लिफ्ट म्हटलं की काय लिफ्ट ते पुढे आलं पाहिजे, ऑब्जेक्ट विसरलास तर मार्क कट, म्हणून आपण बॅग आधी येऊन गेली तरी पुन्हा शोधून आणतो. अर्थात हे मी माझ्या शब्दात लिहितोय, त्या दहा मिनिटं बोलल्या.

एका गोष्टीवर मात्र माझं त्यांच्याशी पटलं नाही आणि अजून पटत नाही. "माय ब्रदर, ही इज इन दुबई" असं बोललेलं त्यांना अजिबात चालत नाही. आता आमच्याकडे हिवाळ्यात इंग्लंडचे म्हातारे गेस्ट येतात, महिना महिना राहतात, ते स्वतः बारला बसून असंच बोलतात, माय वाइफ, शी लव्हज धिस प्लेस. मी हे सांगितलं तर टीचर म्हणाल्या, ते त्यांच्या खुर्चीत बसून बोलतात, तू त्यांच्या कंपनीला मेल लिहितोस. ठीक आहे, मुद्दा आहे. पण बोलण्याच्या प्रॅक्टिसमध्ये पण त्या प्रत्येक वेळी थांबवतात आणि मग माणूस बोलायचंच बंद करतो. आमच्या बॅचमधला एक जण, आधी खाणीवर ट्रक चालवायचा, २०१२ ला खाणी बंद पडल्यावर टुरिस्ट टॅक्सीत आला, तो एवढा मजेशीर बोलायचा पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या आठवड्यात गप्प. हा या क्लासचा मोठा मायनस.

आता पॅसिव्ह. इथे पैसे वसूल आहेत.

टीचरनी पॅसिव्ह शिकवताना पहिल्यांदा इंग्लिश काढलंच नाही, सकर्मक अकर्मक काढलं. आठवतंय ना, सातवीतलं? क्रियापदाला 'काय' विचारायचं. खाल्लं, काय खाल्लं, पोळी, सकर्मक. आला, काय आला, प्रश्नच बसत नाही, अकर्मक. जिथे 'काय' बसत नाही तिथे पॅसिव्ह नाही, संपलं. हॅपन, अराइव्ह, कम, डाय, डिसअपिअर, यांना पॅसिव्ह कुठून येणार. आणि आपण काय लिहितो? "ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड निअर गिरी." "युवर पार्सल इज केम." टीचर ओरडतात, कोणें केलें तें? आपशींच जालें न्हय? मग वॉज कित्याक? म्हणजे आपलं आपणच झालं ना, मग वॉज कशाला.

पण आपण तो वॉज का घालतो याचं त्यांनी दिलेलं कारण मला अजून कुठल्या पुस्तकात दिसलं नाही. मराठीत बघा, पार्सल आलेलं आहे, गाडी गेलेली होती, प्रत्येकाच्या शेपटीला आहे नाहीतर होती. इंग्लिशमध्ये तिथे हॅज आणि हॅड येतं, पण आपल्या कानाला 'आहे' म्हणजे इज आणि 'होती' म्हणजे वॉज हे लहानपणी चिकटलेलं असतं, ते सुटत नाही. त्या दिवशी घरी जाताना अस्नोड्यापर्यंत मी गाडीवर हेच बडबडत होतो, आलेलं आहे हॅज कम, गेलेली होती हॅड गॉन, रेनकोटच्या आत.

आणि उलटी चूक हॉटेलवाल्यांची. "सर, युवर रूम इज क्लीनिंग." "युवर बिल इज मेकिंग." हे मी स्वतः हजार वेळा म्हटलंय आणि गेस्ट पण बिचारे समजून घेतात. पण रूम काय साफ करणार, तिच्या हातात झाडू आहे का? मराठीत रूम साफ होतेय, बिल बनतंय, असं बिनधास्त म्हणता येतं कारण होणं बनणं ही क्रियापदं आपल्याकडे तयार आहेत. इंग्लिशमध्ये तिथे "इज बीइंग क्लीन्ड". मग मी पुन्हा शहाणपणा, की टीचर "द ब्रेड इज बेकिंग" चालतं ना? चालतं म्हणाल्या. पोदेराचा, म्हणजे आमच्या पाववाल्याचा, पाव भट्टीत आपला आपण भाजतो, पाणी आपलं आपण उकळतं, दार आपलं आपण उघडतं, अशी थोडी क्रियापदं इंग्लिशमध्ये दोन्हीकडे चालतात, ती पाठ करायची, क्लीन आणि मेक त्यात नाहीत. इथे नियम नाही, पाठच करायचं, हे त्यांनी सरळ सांगितलं आणि मला ते बरं वाटलं.

'ने' वर एक पूर्ण तास गेला. मॅनेजरने फॉर्म भरला. इथे क्रियापद फॉर्मच्या मागे चालतं, फॉर्म भरला, यादी भरली, पाकीट भरलं, मॅनेजर बिचारा बाजूला उभा. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात आणि मग पोरांना वाटतं कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह, म्हणून 'ने' दिसला की बाय. "द फॉर्म वॉज फिल्ड बाय द मॅनेजर." चूक नाही, पण साधं "द मॅनेजर फिल्ड द फॉर्म" म्हणायचं होतं तुम्हाला. इंग्लिशसारखा खरा पॅसिव्ह मराठीत म्हणजे "रावण रामाकडून मारला गेला", त्याला आपल्या व्याकरणातच नवीन कर्मणी म्हणतात, इंग्लिश वाचून वाचून आलेला. आणि सरकारी नोटीस काढा, "आपणास कळविण्यात येते की". कोण कळवतो? कोणी नाही. टीचर म्हणाल्या, पॅसिव्हचा जन्म यासाठीच आहे, करणारा माहीत नसेल, महत्त्वाचा नसेल, किंवा सांगायचा नसेल तर. "ब्रेकफास्ट इज सर्व्हड टिल टेन." कोण वाढतो याच्याशी गेस्टला काय करायचंय. आणि असं असेल तर मागे बाय समवन लावू नका, तो पण जास्तीचा पाहुणा.

नर्सिंगवाली एक मुलगी होती, आयईएल्टीएसची, म्हणजे परदेशात जायला लागते त्या इंग्लिश परीक्षेची, तयारी करणारी. तिने लिहिलं, "माय मदर वॉज ऑपरेटेड लास्ट वीक." टीचर म्हणाल्या, आई काय लिफ्ट आहे का ऑपरेट करायला? ऑपरेटेड ऑन. तो शेवटचा ऑन लटकलेला दिसतो म्हणून आपण कापतो आणि नेमका तोच लागतो. तसंच "युवर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू", हे मी आता आठवड्यातून चार वेळा लिहितो, कम्प्लेंट कोणी बघत असो वा नसो. आणि "आय वॉज एक्स्प्लेन्ड द रूल्स" चुकीचं आहे हे मला पहिल्यांदाच कळलं, रूल्स एक्स्प्लेन होतात, मी नाही. मला टोल्ड करता येतं, एक्स्प्लेन्ड करता येत नाही. का, तर एक्स्प्लेन टू मी म्हणतात म्हणून.

सगळ्यात मस्त तास फेणीचा. आयईएल्टीएसच्या अकॅडेमिक रायटिंगमध्ये पहिल्या प्रश्नात कधी कधी एखाद्या प्रोसेसचं चित्र देतात, २० मिनिटं, कमीत कमी १५० शब्द, आणि तिथे पॅसिव्ह आल्याशिवाय सुटका नाही कारण माणूस चित्रात असतोच कुठे. टीचरनी पुस्तकातलं सिमेंट कारखान्याचं चित्र बाजूला टाकलं आणि फळ्यावर काजूचं झाड काढलं, म्हणाल्या फेणीला २००९ ला जीआय, म्हणजे हा माल याच भागाचा असा सरकारी शिक्का, मिळालंय, तुम्हाला सगळ्यांना येते, लिहा. काजूची बोंडं गोळा करतात, तुडवतात, रस काढतात, आंबवतात, भट्टी लावतात, पहिलं उराक, पुन्हा भट्टी लावली की फेणी. सोपं वाटलं. पंधरा मिनिटांनी सगळ्यांच्या वह्या लाल. बोंडं "आर पिक्ड" बरोबर, "आर क्रश्ड" बरोबर, रस "इज कलेक्टेड" बरोबर, आणि मग सगळ्यांनी सुसाट सुटून "उराक इज केम आउट". उराक आपलं आपण येतं! कम्स आउट! रस आंबतो ते तर दोन्ही चालतं, "फर्मेंट्स" पण आणि "इज फर्मेंटेड" पण. आणि एकाने लिहिलं, "द फेणी व्हिच इज मेड इट इज स्टोर्ड इन बॉटल्स", म्हणजे पॅसिव्ह दोन्ही बरोबर आणि मध्ये आमचा जुना मित्र 'इट' बसलेला, मांडी घालून. एका वाक्यात पूर्ण कोर्स. टॅक्सीवाला तेव्हा बऱ्याच दिवसांनी बोलला, म्हणाला टीचर थोडी घेतली असती तर बरोबर आलं असतं.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

झेरॉक्स भयंकर आहेत. कुठल्या तरी जुन्या टाइप केलेल्या पानाची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, 'हॅज' आहे की 'वॉज' आहे ते दिसतच नाही आणि प्रश्नच तो असतो. गृहपाठ व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवायचा, तपासून यायला कधी दोन दिवस कधी दहा. शुक्रवारी क्लास ठेवणं ही तर शिक्षाच आहे, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, संध्याकाळपर्यंत पार्किंगला जागा नाही, मी दोनदा गाडी लावायला गेलो आणि वीस मिनिटं उशिरा पोचलो, आणि उशीर झाला की सगळ्यांसमोर कारण इंग्लिशमध्ये सांगावं लागतं. बोलण्याचा भाग कमी आहे आणि जो आहे त्यात वर म्हटलं तसं टोकणं जास्त. आर्टिकल्स, म्हणजे अ, ॲन, द, एका दिवसात उरकलं, तिथे मी अजून कोराच आहे.

आणि अजून एक महत्त्वाचं. माझ्याबरोबर हॉटेलातला एक ओडिशाचा मुलगा पण आला होता, दोन दिवसात सोडलं. टीचर अर्धं मराठी अर्धं कोंकणी बोलतात, सगळं समजावणं ज्या-त्या आणि 'ने' वर चाललेलं, त्याला बिचाऱ्याला काय कळणार. पैसे परत दिले त्यांनी, वाद न घालता, पण नाव घालतानाच सांगायला हवं होतं. मराठी किंवा कोंकणी घरात बोलत नसाल तर जाऊ नका.

फी साडेतीन हजार, आठ आठवडे, सोळा क्लास, हप्त्याने दिली तर चालते. चहा नाही. मी ५ पैकी ४ देतो, पाचवा झेरॉक्सने आणि शुक्रवारने खाल्ला.

फायदा काय झाला म्हणाल तर स्विमिंग पुलाजवळ आमच्याकडे वर्षानुवर्षं एक बोर्ड होता, "पूल इज क्लीनिंग". क्लास संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी तो काढून नवीन प्रिंट लावला. मॅनेजरने बघितलं, विचारलं, हूज चेंज्ड धिस बोर्ड? मी म्हटलं, सर, इट हॅज बीन चेंज्ड. ३८ हजार पण आले, ऑगस्टमध्ये, तो मेल मी टीचरना दाखवूनच पाठवला होता.

पुढची बॅच गणेश चवथीनंतर आहे असं ऐकलंय पण ऑक्टोबरपासून आमचा सीझन लागतो म्हणजे आम्हाला काही उपयोग नाही, बँकवाले, शाळावाले, नर्सिंगवाले जाऊ शकतात. देवळाजवळ कोणालाही विचारा ग्रामरवाली टीचर, घर दाखवतील. वही मोठी न्या, पेन दोन न्या, त्या पेन देत नाहीत. माझा शेवटचा गृहपाठ अजून तपासून आलेला नाही, टीचर वाचत असतील तर बघा प्लीज.